उपाशी रिमोट, तुपाशी टॅब

नागपंचमी उलटून पहिला रविवार उजाडला होता. सुरतेच्या कोसाड वसाहतीत खानदेशी माणसांच्या घराघरांतून कानबाई देवीच्या आगमनाची लगबग चालली होती. श्रावणातले ऊन क्षणात हसत होते, क्षणात रुसत होते. आणि अशा त्या रुसव्याफुगव्याच्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारासमोर एक तरुण धापा टाकीत उभा होता. त्याच्या एका हातात इवलासा ड्रोन होता, दुसऱ्या हातात त्याचा रिमोट, आणि काखेत एक टॅब. रिमोटचा शेवटचा एकच दिवा, विझू की नको अशा विचारात, लुकलुकत होता.

दार उघडले.

दारात एक मुलगी उभी होती. कोपरापर्यंत पीठ, गालावर पिठाचेच एक बोट उमटलेले, आणि डोळ्यांत असा काही प्रश्न, की त्या प्रश्नापुढे त्या तरुणाला, गजेंद्रला, स्वतःचे नावसुद्धा आठवेना.

“काय पाहिजे?”

“चार्जिंग…” तो कसाबसा म्हणाला.

“चार्जिंग?” तिच्या ओठांच्या कडेला हसू येऊन थबकले. “किती वाढू? चतकोर की अख्खं?”

“तुम्ही द्याल तेवढं…”

ती खळखळून हसली. त्या हसण्याच्या भरवशावर गजेंद्रने एक पाऊल पुढे टाकले, तोच तिने पिठाचा हात आडवा केला.

“थांबा! आत नका येऊ. घरात रोटांचं पीठ आहे.”

गजेंद्रने विस्तवावर पडल्यासारखे पाऊल मागे घेतले. तो खानदेशीच होता. त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नव्हती. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजून घेतात, आणि ते रोट कुळातल्या माणसांनीच खायचे असतात. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, रोटाचा तुकडा त्याच्या हातावर पडत नाही. या घरी तर परक्याची सावलीही त्या पिठावर पडू देत नसत.

“मयुरी, कोन शे व?” आतून तिच्या आईचा, सरलाबाईंचा आवाज आला.

“ड्रोनवाला शे, आई! चार्जिंग मांगी ऱ्हायना!”

“मंग वायर दे ना बाहेर. देवीना दिवस शे, कोनलेच रिकामा हाते धाडू नको.”

मयुरीने इस्त्रीसाठी वापरायची लांब एक्स्टेन्शन वायर आणली. ती भिंतीच्या कडेने सरकत आली आणि नेमकी उंबरठ्यापाशी येऊन संपली. जणू वायरीलाही घरची रीत ठाऊक होती! गजेंद्र जिन्याच्या पायरीवर बसला. रिमोट उंबरठ्याला टेकून चार्ज होऊ लागला. परातीत पीठ चाळता चाळता मयुरी आतून बोलत होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक तिच्या बांगड्या वाजत होत्या.

“काम कुणाचं?”

“लोटूआप्पांचं. उद्याच्या मिरवणुकीची फिल्म करायची आहे. तुम्ही ओळखता त्यांना?”

“थोडंफार. माझे मोठे काका आहेत.”

गजेंद्र पायरीवर नीट सावरून बसला. मयुरीने ते पाहिले. चाळणी अंमळ जोरात हलली.

“घाबरू नका, ते चावत नाहीत. पण रिमोट असा मधेच कसा दमला तुमचा?”

“तेच तर कळत नाही. इतके दिवस मी रिमोटला मोबाइल जोडायचो, तेव्हा दिवसभर पुरायचा. आप्पा म्हणाले, मोबाइलच्या एवढ्याशा काचेत आमच्या म्हाताऱ्यांना कानबाई दिसायची नाही. म्हणून त्यांनी घरातला टॅब दिला. आज तालमीसाठी तो जोडला, आणि निम्म्या वेळातच रिमोटने मान टाकली. त्याची बॅटरीच म्हातारी झाली असावी.”

“आणि टॅब?”

“टॅब मोठा गुणी!” गजेंद्रने अभिमानाने तो पुढे केला. “सकाळी निम्माच होता. आता पाहा, जवळजवळ भरला.”

“नशीबवान आहे हो. काम करून ज्याचं पोट भरतं असा पहिलाच पाहिला मी. आमच्या साडीच्या दुकानात दिवसभर मोबाइलपुढे उभं राहून लाइव्हवर साड्या उलगडते, तर माझा मोबाइलही उपाशी आणि मीही.”

दोघेही हसले. त्या हसण्यात एक मोठी खूण दडलेली होती. पण पोरवयाचे डोळे समोरच्या डोळ्यांत गुंतले, की समोरची खूण कुणाला दिसते?

“ड्रोनच का?” तिने मग जरा हळू विचारले.

गजेंद्रने हातातला ड्रोन मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “मी आणि बाबा उधन्यात एकाच कापड कारखान्यात लूमवर होतो. लूमच्या खडखडाटात मला माझा विचारही ऐकू यायचा नाही. हे यंत्र हातात घेतलं की… ऐकू येतो. पण बाबांनी कानबाई उठेपर्यंतची, म्हणजे उद्याच्या विसर्जनापर्यंतची, मुदत दिली आहे. उद्याचं काम चांगलं झालं, नाव झालं, तर उडव म्हणाले. नाही तर मंगळवारी माझ्या शेजारच्या लूमवर उभा राहा. मास्टरला त्यांनी शब्द देऊन ठेवलाय.”

आत चाळणी थांबली होती. बांगड्याही.

“आणि उद्या ड्रोन पडला तर?”

“तर मग लूमच.”

तेवढ्यात सरलाबाईंनी आतून पुन्हा हाक दिली, “पोऱ्या कोनता कुळना शे, इचार ना!”

“आई विचारतेय—”

“ऐकलं मी. बोरसे.”

“आम्ही सोनवणे.” मयुरीने मान खाली घातली, गालावरचे पिठाचे बोट आता गुलाबी रंगावर उठून दिसू लागले. “म्हणजे… परकेच की.”

तो शब्द ती अशा काही गोड स्वरात म्हणाली, की परके असण्यात एवढे सुख असते हे गजेंद्रला त्या दिवशी प्रथमच समजले.

*

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कानबाई निघाली.

नऊवारीच्या ओच्यांची आणि नाकातल्या नथींची ती मिरवणूक वाजतगाजत तापीकडे चालली होती. नारळाच्या मुखावर नथ, डोळे आणि कुंकू रेखलेली देवी पाटावर बसून, बायकांच्या डोक्यांवरून आपल्या पाण्याकडे निघाली होती. वसाहतीच्या मंडळाने ड्रोनसाठी रीतसर परवानगी काढली होती. गजेंद्र मिरवणुकीच्या पुढे धावत जाऊन नदीकाठी पोहोचला आणि ओवाऱ्यावरच्या, म्हणजे घाटावरच्या, एका मोकळ्या चौथऱ्यावरून त्याने ड्रोन उडवला.

टॅब त्याच्या हाती सकाळी जवळजवळ रिकामा आला होता. रात्रभर लोटूआप्पांच्या घरी जागरण झाले, आणि त्या जागरणात टॅबवर कानबाईची गाणी वाजत राहिली होती. परंतु गजेंद्रला त्याची चिंता वाटली नाही. टॅब गुणी होता. काम करता करता भरत असे! रिमोट मात्र त्याने पूर्ण भरून आणला होता.

मिरवणूक काठावर येताच बायकांनी त्याला गराडा घातला. सर्वांत पुढे मालतीबाई, लोटूआप्पांच्या पत्नी.

“माय वं! आपली कानबाई वरथून कशी दिसी ऱ्हायनी! भो, उजेड कर ना जरा, माले काहीच दिसत नही!”

गजेंद्रने टॅबचा उजेड पूर्ण वाढवला. बायकांनी टॅबलाच हात जोडले. एकीने तर पडद्यावरच कुंकवाचे बोट लावले.

“बास करा आता, तो टॅब आहे, देव्हारा नाही!” मागून ओळखीचा आवाज आला. हिरवी साडी, केसांत अबोली, आणि गालावर आज पीठ नव्हते. तरी गजेंद्रची नजर ते शोधत राहिली.

“समोर बघा, ड्रोनवाले,” मयुरी हलकेच म्हणाली. “देवी तिकडे आहे.”

“एक तिकडे आहे,” तो म्हणाला, आणि आपल्याच धिटाईने दचकला.

ती काही बोलणार, इतक्यात रिमोटने आवाज दिला. बीप… बीप… बीप.

गजेंद्रने खाली पाहिले. काल दुपारी दिसला होता तोच शेवटचा एकुलता दिवा. ड्रोन गढूळ, दुथडी भरलेल्या तापीच्या मध्यावर होता. आणि अगदी त्याच वेळी, मुहूर्त साधावा तशी, श्रावणसर आली.

त्याच्या चष्म्यावर थेंब जमू लागले.

“काय झालं?” मयुरीने विचारले.

“रिमोट संपतोय.”

“संपला तर पडेल?”

“पडणार नाही. रिमोट गेला, की तो जिथून उडाला तिथे आपोआप येऊन उतरतो…” बोलता बोलता गजेंद्रने मान वळवली. उडाला तेव्हा चौथरा मोकळा होता. आता त्याच चौथऱ्यावर कानबाईचा पाट टेकवला होता, आणि पाटाभोवती बायका फुगड्या घालीत होत्या.

“तिथे उतरेल? बायकांच्या अंगावर?” मयुरीने एक पाऊल तिकडे टाकले. “बाजूला करू का त्यांना?”

“ढोलात कोण ऐकणार? आणि देवी उचलायला वेळ लागेल. त्याच्या आत मला तो दुसरीकडे उतरवायला हवा… पण रिमोट तेवढा टिकला पाहिजे. आज पूर्ण भरून आणला होता गं मी!”

मयुरी रिमोटकडे पाहत होती. मग टॅबकडे पाहू लागली. टॅबच्या कोपऱ्यात विजेची एक इवलीशी खूण चमकत होती.

“हा चार्ज होतोय,” ती म्हणाली.

“हो, तो होतच असतो…”

“कशावर?”

गजेंद्रने तिच्याकडे पाहिले. तिने टॅबला लागलेल्या वायरीवर बोट ठेवले, आणि वायरीवरून ते बोट सरकत सरकत रिमोटपर्यंत आणले.

“अहो, हा काम करून नाही भरत. हा तुमच्या रिमोटचं खातोय! काल निम्मा होता तेव्हा निम्मं खाल्लं. आज रात्रभर उपाशी होता, म्हणून आज सगळंच खातोय. एक तुपाशी, एक उपाशी! काढा ती वायर!”

“काढली तर चित्र जाईल. मग ड्रोन नुसत्या डोळ्यांनी उडवावा लागेल, आणि माझा चष्मा…” चष्म्याच्या काचांवरून पावसाचे थेंब ओघळत होते. त्या पलीकडची नदी, आभाळ आणि ड्रोन सगळे एकच राखाडी झाले होते.

“माझे डोळे आहेत ना.” मयुरी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. “मला दिसतोय तो. काढ वायर!”

त्याने वायर उपसली. टॅबवरची कानबाई नाहीशी झाली, बायका हळहळल्या. रिमोटचा दिवा मात्र लुकलुकत राहिला… राहिला.

“ड्रोनचं तोंड नदीकडे आहे,” गजेंद्र म्हणाला. “म्हणजे त्याचं उजवं ते आपलंही उजवं. मी मागे ओढतो. तुम्ही सांगा.”

“ओढ… ओढ… येतोय. आणखी… उजवीकडे झुकला! डावीकडे घे. डावीकडे रे! हां… असाच. सरळ ठेव.”

गजेंद्रने डोळेच मिटून घेतले. आता त्याला ना ढोल ऐकू येत होता, ना पाऊस. फक्त तो आवाज. त्या आवाजाने ‘ये’ म्हटले की बोटे मागे येत, ‘थांब’ म्हटले की थांबत. आपल्या अंगठ्यांनी आपण ड्रोन आणतो आहोत, की तीच आपल्याला कुठून तरी दूरवरून ओढून आणते आहे, हे त्याला कळेना.

“काठ आला. चौथरा डावीकडे राहिला. आता नारळवाल्याची लारी आहे, रिकामी… बरोबर तिच्यावर आहे. उतरव. हळू… हळू… अजून हळू रे माझ्या राजा…”

ठक!

पाती थांबली. ड्रोन हातगाडीवरच्या ओल्या गोणपाटावर, अंड्यावर कोंबडी बसावी तसा, शहाण्यासारखा बसला होता.

“ए भाई!” नारळवाला ओरडला. “आ मारी लारी छे, एरपोर्ट नथी!”

गजेंद्रने डोळे उघडले. रिमोटचा दिवा अजून विझला नव्हता. त्याचा जीव असा काही भांड्यात पडला, की तो तिथेच ओल्या पायरीवर बसला, आणि मयुरीही त्याच्या शेजारी मटकन बसली. दोघे हसू लागले. का हसतो आहोत हे एकमेकांना सांगावे लागले नाही. बायकांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना तो कार्यक्रमातलाच खेळ वाटला. मालतीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि फुगड्या पुन्हा सुरू झाल्या.

थोड्या वेळाने मयुरीला काहीतरी आठवले. तिने हळूच विचारले, “मी मघाशी तुम्हाला… अरे-तुरे केलं का?”

“आठवत नाही,” गजेंद्र गंभीरपणे म्हणाला. “मला फक्त शेवटचा शब्द आठवतोय.”

तिने पदराने तोंड झाकले.

पण देवी अजून बोळवायची होती, आणि तेच चित्र तर सर्वांत महत्त्वाचे! आरती सुरू झाली. मयुरीने पर्समधून आपली पॉवर बँक काढून रिमोटला लावली. दुकानातल्या लाइव्हमुळे ती तिच्या सदा सोबतीला असे. सर ओसरेपर्यंत आणि आरती संपेपर्यंत रिमोटने निवांत पोटपूजा केली. मग तो पुन्हा टॅबला जोडून दोघांनी डोक्याला डोके लावले. ॲपच्या सेटिंगांत खोलवर कुठेतरी, जोडलेल्या यंत्राला रिमोटने चार्ज करावे की नाही, याचे एक बटण सापडले. गजेंद्रने ते बंद केले. कोपऱ्यातली विजेची खूण मावळली.

“इतके दिवस हे बटण इथेच होतं?” तो खिन्न होऊन म्हणाला.

“मोबाइलची भूक थोडी, म्हणून कधी कळलं नाही. टॅबचं पोट मोठं. आता असू दे, सकाळपासून भरपूर चापलंय त्याने, आता स्वतःचं खाईल. उजेडही कमी करा. बाकीचे ॲप बंद. आणि यापुढे आदल्या दिवशी दोघांनाही भरपेट जेवू घालायचं, वेगवेगळ्या पानांवर.”

“आणि मालतीकाकू?”

“काकूंना फिल्म घरी दाखवू. चहासोबत.”

*

सर थांबली. ऊन पुन्हा हसले. कानबाई पाण्याकडे चालली, तेव्हा ड्रोन तिच्या माथ्यावर एखाद्या घारीसारखा स्थिर होता, आणि रिमोटचे दिवे एकमेकांना धरून शांत तेवत होते. पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका, पाठमोऱ्या सरलाबाई, हेलकावणारा पाट, आणि देवी पाण्याखाली जाताना एकाएकी निःशब्द झालेला सारा काठ. सगळे चित्रात उतरले. ड्रोन परतला तेव्हा चौथरा मोकळा होता. उतरला, आणि रिमोट अजून ताजातवाना होता.

लोटूआप्पांनी तिथेच टॅबवर ते चित्र पाहिले. पुन्हा पाहिले. मग उपरण्याने डोळे टिपून म्हणाले, “गणपतीलेबी तूच ये, भो. आनि नवरात्रीले दुसरा कोनले शब्द देऊ नको.”

गजेंद्रने बाजूला जाऊन वडिलांना फोन लावला.

“बाबा… मास्टरना सांगा, मी नाही येत.”

 पलीकडून आनंदा बोरसे यांचा एक दीर्घ श्वास ऐकू आला. त्यात राग नव्हता. जणू कितीतरी दिवस खांद्यावर वाहिलेले ओझे त्यांनीच खाली ठेवले होते.

“बरं झालं. तुझी आई आता तरी जेवेल. तुझ्या वाट्याचे रोट झाकून बसलीय ती. ये लवकर.”

फोन खिशात ठेवून तो वळला, तर मयुरी ओवाऱ्याच्या पायरीवर बसून रिमोटची वायर नीट गुंडाळत होती. तिचे काम केव्हाच संपले होते. वायर मात्र ती पुन्हा पुन्हा उलगडत होती.

“काय म्हणाले बाबा?”

“लूम गेला. आकाश राहिलं.” तो एक पायरी खाली, तिच्यासमोर बसला. “आईने रोट ठेवलेत.”

“आमच्याकडेही आहेत. भूक तर मलाही लागलीय.” ती खोडकरपणे म्हणाली. “आणणार का तुमच्या घरचा एखादा तुकडा? डोळे उसने दिले मी, एवढं तरी…”

“नाही देता येत. परक्याला देत नाहीत.”

“मग?”

गजेंद्रने रिमोट बाजूला पायरीवर ठेवला. 

“मग… एकच उपाय आहे. म्हणजे… तुमची इच्छा असेल तरच. पुढच्या कानबाईला तुम्ही… तू… आमच्या घरात परकी नसलीस, तर…”

वाक्य तिथेच लोंबकळत राहिले. खाली तापी संथ वाहत होती. मयुरीने वायरीची शेवटची गुंडाळी केली, गाठ मारली, आणि ती त्याच्या हातावर ठेवली. हात मात्र उचलला नाही.

“माझी एक अट आहे.”

“सांग.”

“यंत्रांचं ठीक आहे, त्यांना वेगळं वेगळं जेवू घालू. पण माझ्या घरात असं चालणार नाही. एक राबतोय, दुसरा भरतोय, आणि राबणाऱ्याचा दिवा विझेपर्यंत कुणाला पत्ताच नाही… हे मला नको. तू भुकेला असलास तर सांगायचं. मी दमले तर मी सांगेन. जेवायला दोघांनी बरोबर बसायचं.”

 गजेंद्रने मान हलवली. एकदा, दोनदा, आणि मग इतक्या वेळा, की चष्मा नाकावरून घसरला. मयुरीने तो अलगद काढला, उन्हात वाळलेल्या पदराने पुसला आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

“आता दिसतंय?”

“आता स्वच्छ दिसतंय,” तो म्हणाला.

वरच्या पायरीवरून सरलाबाईंची हाक आली, “मयुरी! चाल ना व, टेम्पो निंघना! आनि त्या बोरसेना पोऱ्यालेबी लई ये. तो उपाशी व्हई सकायपाईन!”

“आई, आपल्या घरमा रोट शेतस ना?” मयुरीने विचारले.

“रोट नही देवाऊत,” सरलाबाई म्हणाल्या, आणि दोघांकडे क्षणभर टक लावून पाहत राहिल्या. मग त्यांच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर हसू पसरले. “यंदा खिचडी खाऊ दे त्याले. पुढला साले तूच जाशी ना रोट खावाले त्यासना घर.”